लाल्ला हनियाची हाळी

तिकीटखिडकीतल्या बाईनं आतून काचेला पाटी टेकवली आणि पडदा ओढून घेतला. पाटीवर काय लिहिलंय ते वाचायची गरज नव्हती. स्पेनच्या दक्षिण टोकाला, तारिफाच्या धक्क्यावर, त्या दिवशी नीट उभंसुद्धा राहता येत नव्हतं. पूर्वेचा वारा सुटला होता. तिकडे त्याला लेवांते म्हणतात. तो असा सुटला की स्पेन आणि मोरोक्कोमधल्या चिंचोळ्या समुद्रात कुणी बोट घालत नाही.

"एकही नाही?" इद्रिसनं मला विचारलं. पाटी त्याच्याच समोर होती.

"वारा पडला की सोडतील."

"कधी पडेल?"

भिंतीच्या आडोशाला एक म्हातारा सिगारेट पेटवायची खटपट करत होता. त्यानंच उत्तर दिलं, "त्याच्या मनात आलं तर संध्याकाळी. नाहीतर आठवडाभर नाही."

इद्रिसची आई पहाटे झोपेतच गेली होती. त्याच्या बहिणीचा, सुआदचा, फोन आला तेव्हा आम्ही ग्रानादात होतो. तिकडे माती लांबवत नाहीत. दुपारच्या नमाजानंतर नेणार होते. मी त्याला गाडीत घातलं आणि जमेल तेवढी पळवत दक्षिणेला आणलं. शेजारच्या आल्हेसिरास बंदरातल्या बोटी बंद आहेत हे वाटेतच कळलं होतं. विमानानं जायचं म्हटलं तर दुसरा दिवस उजाडला असता. तारिफा एवढी एकच आशा होती.

आणि पलीकडे मोरोक्को दिसत होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. वाऱ्यानं हवा धुऊन निघाली होती. डोंगर, डोंगराच्या उतारावरचे पांढरे ठिपके, सगळं स्वच्छ. हात लांब केला तर लागेल असं.

तो धक्क्याच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला. मी गाडीपाशी थांबले. बराच वेळ गेला. मग त्याचा फोन वाजला. त्यानं एका कानावर तळवा दाबून ऐकलं, दोन-तीन शब्द बोलला आणि फोन खिशात ठेवला. माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या दाढीवर मीठ जमलं होतं.

"झालं," तो म्हणाला. "चल."

मी मूळची कोल्हापूरची. पुण्यात ध्वनिमुद्रण शिकले, पुढच्या शिक्षणासाठी स्पेनला गेले आणि तिथेच रमले. माझं नाव वैजयंती, घरी वैजू. स्पॅनिश लोक ते वाचताना 'बाइखू' करून टाकायचे. नीट उच्चारणारा एकटा इद्रिस. तेवढ्यावरच आमची मैत्री झाली म्हटलं तरी चालेल.

आम्ही चौघं मिळून वाजवायचो. इन्मा गायची. ती ग्रानादाच्या जिप्सी वस्तीतली, गाणाऱ्यांच्याच घरातली. त्यांचं ते फ्लामेंको गाणं तिला शिकावं लागलं नव्हतं. कुर्रो गिटार वाजवायचा. इद्रिसकडे गेंब्री असायची. तीन तारांचं लांबट वाद्य, वर उंटाचं कातडं मढवलेलं. आवाज इतका खोल की कानाआधी पोटाला कळतो. आणि मी माझा लॅपटॉप घेऊन बसायचे. रस्त्यावरचे, घरातले, बाजारातले आवाज गोळा करायचे, कापायचे, ठोके तयार करायचे आणि या तिघांच्या खाली अंथरायचे. जाणकार नाकं मुरडायचे. फ्लामेंकोवाले म्हणायचे हे फ्लामेंको नाही, मोरोक्कोतले म्हणायचे हे आमचं नाही. तरुण पोरं मात्र नाचायची.

त्या वसंतात इद्रिस आम्हाला आपल्या गावी घेऊन गेला होता. तेतुआनच्या मागच्या डोंगरात, ऑलिव्हच्या झाडांमधलं गाव. त्याच्या आईला सगळे लाल्ला हनिया म्हणायचे. मोठ्या बाईला तिकडे मानानं लाल्ला म्हणतात. बुटक्या, रुंद, कमरेला तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड फडकं गुंडाळलेल्या. त्या डोंगरातल्या बायका गातात ती खरं म्हणजे हाळीच. एक बाई या उतारावरून आवाज टाकते, तो ताणत ताणत नेते, आणि पलीकडच्या उतारावरची दुसरी तिला उत्तर देते. लाल्ला हनियांचा आवाज पंचक्रोशीत पोचायचा असं इद्रिस सांगायचा.

आम्ही पोचलो तेव्हा त्या काठवटीत कणीक तिंबत होत्या. मी माइक लावला. त्या तिंबत तिंबतच गायल्या. कणकेचा ठप, ठप असा आवाज आणि वर ती हाळी. इन्मा दाराला टेकून उभी होती. हाळी सुरू झाली तसा तिनं माझा दंड धरला. फ्लामेंकोत गाण्याआधी गायक 'आय' म्हणून जो सूर लावतात, काळजातून ओढून काढल्यासारखा, तोच इथे होता. अगदी तोच.

"ही माझी आजीच आहे की," इन्मा पुटपुटली.

ग्रानादाला परतल्यावर त्या ध्वनिमुद्रणातून आमचं सगळ्यात चांगलं गाणं उभं राहिलं. कणकेच्या ठोक्यांचा मी ताल केला. लाल्ला हनियांची हाळी, मग इन्माचं उत्तर, आणि मध्ये कुर्रोची गिटार. हाळी संपल्यावर त्या दारात जाऊन काहीतरी म्हणाल्या होत्या, त्याच सुरात, पण हलकेच: 'आजी, आ वल्दी, आजी.' माझ्या कानाला ते आपलं आजीच ऐकू आलं. इतकं गोड होतं की तेवढाच तुकडा कापून मी गाण्याच्या शेवटी फिरत ठेवला. आजी, आ वल्दी, आजी. पुन्हा पुन्हा, हळूहळू विरत जाणारा.

"म्हणजे काय रे ते?" मी इद्रिसला विचारलं होतं.

"काही नाही. असंच." तो हसला. "छान लागतंय. राहू दे."

आम्ही तारिफाहून परत निघालो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पवनचक्क्या गरागरा फिरत होत्या. मग इद्रिस म्हणाला, "वैजू, ते लाव."

"आत्ता?"

"लाव."

माझ्या फोनवर होतं. मी गाडीतच लावलं. काठवट, ठप, ठप. मग आवाज आला. मी रस्त्यावरून नजर काढली नाही. हाळी झाली, इन्मा झाली, गिटार झाली. शेवटचा तुकडा फिरायला लागला आणि त्यानं हात पुढे करून फोन बंद केला.

"पुसून टाक."

"काय?"

"तिचा आवाज. सगळा. कुठे कुठे असेल तिथून."

मला वाटलं, दुःखात माणूस बोलतो तसं बोलतोय. मी म्हटलं, उद्या बघू. तो म्हणाला, "उद्याच."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं स्टुडिओत जमलो. शहराबाहेर पॉप्लरच्या झाडीत आमची ती जागा होती. गाण्यांचं शेवटचं काम चालू होतं, अल्बम महिन्याभरात निघायचा होता. इद्रिसनं कुर्रोला आणि इन्माला तेच सांगितलं, चारचौघांत पाणी मागावं तितक्या साध्या आवाजात.

कुर्रोचा चेहरा उतरला. "धर्माचं काही आहे का? चाळीस दिवस गाणं नको वगैरे? थांबू आपण. चाळीस काय, शंभर दिवस थांबू."

"धर्माचं नाही."

"मग काय आहे?"

"मला सांगता येत नाही."

"अरे, आईचा आवाज जगभर ऐकतील लोक! तिचं नाव राहील."

"नको राहू दे."

कुर्रो उठला. त्यानं आपला उजवा हात टेबलावर ठेवला. करंगळीशेजारचं बोट आपोआप आत वळत होतं. तो ते सरळ करायचा, ते पुन्हा वळायचं. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण तो कधी असं दाखवायचा नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढतच जाणार.

"हे बघ," तो म्हणाला. "त्या दिवशी हे बोट शहाण्यासारखं वागलं. एका दमात वाजवलं मी. पुन्हा असं वाजवता येणार नाही मला, इद्रिस. आणि मी एकटा नाही वाजवलेलं. ती बोलते, मी थांबतो. ती थांबते, मी बोलतो. तिला काढलंस तर मी कुणाशी बोलतोय?"

इद्रिसनं मान खाली घातली. "माझ्यावर उपकार कर, कुर्रो."

इतका वेळ इन्मा खिडकीत पाठमोरी बसली होती. ती वळली नाही. तशीच बोलायला लागली.

"माझा थोरला भाऊ गेला तेव्हा मी दहा-बारा वर्षांची असेन. बापानं गिटार पलंगाखाली सरकवली. वर्षभर आमच्या घरात कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही. शेजारी लग्न होतं, तिथल्या लोकांनी दारं लावून घेऊन गाणी म्हटली, आम्हाला ऐकू जाऊ नयेत म्हणून. मला त्या वयात गाण्यावाचून राहवायचं नाही. एकदा विहिरीवर गुणगुणले तर आईनं तोंडावर हात दाबला. मारलं नाही, नुसता दाबला." ती थांबली. "कारण विचारू नकोस त्याला, कुर्रो. असतं कारण. वैजू, पुसून टाक."

कुर्रो बाहेर निघून गेला. काचेतून दिसत होता, झाडाला कपाळ टेकवून उभा.

मी कामाला लागले. आधी कॉम्प्युटरवरचं. मग राखीव डिस्कवरचं. मग गावात नेलेल्या छोट्या यंत्रातलं मूळ ध्वनिमुद्रण. आणि माझा फोन. इद्रिस शेजारी खुर्ची ओढून बसला होता आणि पडद्याकडे बघत होता.

"परत आणता येतं का हे कसं करून?"

"आता नाही."

"तुझ्याकडे आणखी कुठे? खरं सांग."

"कुठेच नाही. शब्द देते."

त्यानं मान हलवली. माझ्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला, मोठा भाऊ ठेवतो तसा, आणि गेंब्री न घेताच घरी गेला.

खरं तर मला एक प्रत ठेवता आली असती. कुणाला कळलं नसतं. माझ्या धंद्यात माणसं काहीच टाकत नाहीत, खोकल्याचा आवाजसुद्धा जपून ठेवतात. पण तो शेजारी बसून बघत होता, आणि मी शब्द दिला होता.

अल्बम निघाला. कणकेचा ताल गेल्यामुळे मी त्या गाण्याखाली काहीच ठेवलं नाही. कुर्रोची गिटार तशीच ठेवली. तो तसं पुन्हा वाजवणार नव्हता, वाजवू शकणारही नव्हता. त्यामुळे गाण्यात गिटार वाजते, मग मध्येच थांबते, वाट बघते. कुणी येत नाही. मग पुन्हा वाजते. लोकांना तेच फार आवडलं. आमच्या धाडसी शांततेबद्दल कुठे कुठे छापून आलं. आम्ही कुणाला काही सांगितलं नाही. त्या उन्हाळ्यात कार्यक्रम झाले तेव्हा त्या मोकळ्या जागा आल्या की इद्रिस तारांवरून हात उचलायचा आणि पायांकडे बघत बसायचा.

हिवाळ्याआधी तो मोरोक्कोला गेला. सुट्टीसाठी म्हणून गेला आणि परत आला नाही. कुर्रोनं वाजवणं सोडलं. इन्मा आणि मी आणखी थोडे दिवस ओढलं, पण दोघींनाही कळत होतं. मी कोल्हापूरला परतले.

इद्रिसचा फोन आला त्याला आता दोन वर्षं झाली. दुपारची वेळ होती. मी घरातच थाटलेल्या स्टुडिओत एका शाळेची कवितांची ध्वनिफीत साफ करत बसले होते. मधल्या काळात आम्ही ईदला, दिवाळीला चार शब्द पाठवायचो, तेवढंच. आवाज ऐकला आणि मला आधी धक्क्यावरचा वाराच आठवला.

इकडचं तिकडचं झालं. लग्न केलं म्हणाला, तेतुआनमध्ये शाळेत संगीत शिकवतो, मुलगी आता शाळेत जायला लागली.

"वैजू, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार."

"तू एखादी प्रत ठेवली होतीस का? चुकून?"

"नाही रे."

"जुन्या डिस्कवर वगैरे? त्या जादूच्या गोष्टी करतात ना आता, पुसलेलं परत आणतात..."

"ती डिस्क तेव्हाच मोडीत गेली. इद्रिस, मी शब्द दिला होता तुला."

"हो," तो म्हणाला. "हो. दिला होतास." मग हलकेच हसला. "मला वाटायचं, वैजू काही खरंच पुसणार नाही. कुठेतरी ठेवेल. इतकी वर्षं मी त्या भरवशावर होतो."

पलीकडे कुठेतरी मुलगी खेळत होती, भांड्यांचा आवाज येत होता.

"पोर विचारते आजी कशी गायची. सुआदला येत नाही, मला येत नाही. गावात आता हाळी देणारं कुणी उरलं नाही. तुला आठवते? तू तर आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा ऐकलीस."

मी गाणारी नाही. तरी डोळे मिटले आणि म्हणून पाहिलं. सुरुवातीचा सूर लागला, मग वर गेले, मग वळण घेतलं.

"ही इन्मा," तो म्हणाला.

मी पुन्हा सुरू केलं. थोडं पुढे गेले.

"आता कुर्रो आहे. गिटार आहे ती."

त्याचं बरोबर होतं. अल्बममधलं गाणं इतक्या वेळा कानावरून गेलं होतं की त्याखाली मूळ आवाज गाडला गेला होता. कुठे श्वास घेतला, कुठे पीठ झटकलं, ते मला आठवत होतं. सूर मात्र आठवत नव्हता.

"राहू दे," तो म्हणाला. "माझंही तसंच होतं."

"पण तू का पुसायला लावलंस?" इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदा विचारलं.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"तो शेवटचा तुकडा होता ना, तू फिरवत ठेवलेला. आजी, आ वल्दी. ते गाणं नव्हतं, वैजू. गाणं केव्हाच संपलं होतं. मी अंगणाच्या टोकाला फोनवर बोलत होतो, कुठल्या तरी कार्यक्रमाचं ठरवत. भाकरी भट्टीतून निघाली होती आणि ती मला जेवायला बोलावत होती. 'आजी' म्हणजे ये. ये, बाळा, ये."

मी खुर्चीचा हात धरला.

"मी हातानंच थांब म्हटलं. तुम्ही जेवलात, मी बोलतच राहिलो. मग उशीर झाला म्हणून आपण निघालो. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. तुम्ही तो तुकडा लावलात तेव्हा मला मजाच वाटली. म्हटलं, पाहिजे तेव्हा आई बोलावतेय. ती जिवंत होती तोवर त्यात काही नव्हतं. पण त्या दिवशी, गाडीत..." त्यानं वाक्य सोडून दिलं.

"तू सांगितलं का नाहीस तेव्हा?"

"सांगितलं असतं तर कुर्रोनं कधीच पुसू दिलं नसतं. म्हणाला असता, हेच तर सगळ्यात सुंदर आहे." तो थांबला. "आणि खरंच होतं ते."

खाली रस्त्यावर कुणीतरी रिक्षा चालू करायची धडपड करत होतं. ती सुरू होऊन निघून गेली.

"वैजू," तो म्हणाला, "मी बाहेर फोनवर होतो तेव्हा तू आणि ती चुलीपाशी किती वेळ बसला होतात. तुला तिची भाषा येत नव्हती, तिला तुझी. काय बोलत होतात?"

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असं वाटलंच नव्हतं.

"आधी माझं मनगट धरून बघितलं. बोटांची कडी करून दाखवली, इतकं बारीक, आणि च्-च् केलं."

"मग?"

"मग तुझ्याकडे बोट केलं, दाराबाहेर. गाल आत ओढून दाखवले. म्हणजे तू वाळलास का, जेवतोस का."

"तू काय सांगितलंस?"

"मी गाल फुगवून दाखवले. म्हटलं, पुष्कळ जेवतो."

"खोटारडी," तो म्हणाला. "मग?"

"त्यांना पटलं नाही. मग त्यांनी हात जमिनीपासून एवढा धरला, तू एवढा होतास. मग आणखी खाली, एवढा. मग आणखी खाली. मग दोन्ही हातांचा पाळणा केला आणि हलवला, आणि स्वतःच हसल्या."

तो मुलीला हाक मारून त्यांच्या भाषेत ते सांगत होता. मला शब्द कळत नव्हते, पण कुठे काय सांगतोय ते कळत होतं. मुलगी थोडा वेळ ऐकत होती. काहीतरी विचारलं, हसली. मग तिच्या पावलांचा आवाज लांब गेला.

"मग?"

"मग माझं बोट धरून अंगठीच्या जागी चिमटा काढला. तुझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी इतकी हसले, मान हलवली, नाही नाही. फार हिरमुसल्या."

"हो, तिला आवडली होतीस तू. मग?"

मी आठवेल ते सांगत गेले. कणकेचा हात माझ्या केसांना लागला ते, भट्टीतल्या धुरानं माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा पदरासारखं त्यांनी कमरेचं फडकं पुढे केलं ते. आठवत होतं ते संपलं, तरी तो विचारतच होता.

"मग, वैजू? मग काय म्हणाली?"

मी पुन्हा मनगटापासून सांगायला लागले.